नऊ कबरींवर एकच शब्द

"चार थेंब गं, रसेमा! कांदा चिरताना याहून जास्त सांडतं!"

"सांडू दे कांद्यावर. तुमच्या कागदावर नाही सांडणार."

"का पण?"

"कारण माझा मुलगा मला सापडलाय. ज्याचा सापडला नाही त्याने द्यावं रक्त. मी कशाला देऊ?"

"सापडलाय म्हणे! स्वेटर सापडला तुला. मुलगा नाही."

रसेमा हाय्राच्या कपात कॉफी ओतत होती. हात थांबला. अर्ध्या कपावरच तिने भांडं खाली ठेवलं.

"माझ्या घरात बसून बोलतेस हे?"

"मग कुठे बसून बोलू? कबरस्तानात? तिथे मला बसायला जागाच नाही! खरं ते माणसाला कळायलाच हवं!"

दोघी एकाच कुंपणाच्या अलीकडच्या-पलीकडच्या. आमच्याकडे शेजारणीला 'कोना' म्हणतात, आणि या दोघी तीस वर्षं एकमेकींना कोना म्हणत आल्या होत्या. त्या सकाळी पहिल्यांदाच नावाने हाका चालल्या होत्या. रस्त्यावरून जाणाऱ्याला तेवढ्यावरून कळत होतं की आत काहीतरी फाटलंय.

टेबलाशी तिसरी बाई होती, इन्दिरा. शहरातल्या, मेलेल्यांची ओळख पटवण्याच्या केंद्रातून आली होती. ती जन्मली त्या वर्षांत आमच्याकडे भारतातली नावं ठेवायची हौस होती, म्हणून हे नाव. पिशवीतून तिने एक जाड कागद आणि टोचायची सुई काढून ठेवली होती, आणि भांडण संपायची वाट बघत ती साखरेचा खडा कॉफीत बुडवून चोखत होती. अशी भांडणं तिला रोजची.

"मावशी," ती म्हणाली, "मी नीट सांगते. हाय्रामावशींचं रक्त आमच्याकडे आहे. शवागारात जेवढे आहेत त्यांतल्या एकाशीही ते जुळत नाही. म्हणजे त्यांचा जेमाल आमच्याकडे नाही. आणि आमच्याकडे एक तरुण असा आहे की ज्याच्याशी कुणाचंच रक्त जुळत नाही. त्याचं माणूस अजून आमच्याकडे आलेलंच नाही."

"मेलं असेल त्याचं माणूस."

"असेल. नाहीतर त्या माणसाला वाटत असेल, आपण आपला पुरला."

रसेमाने तिच्याकडे पाहिलं. "तुझ्या आईने कधी कागद आणून तपासलंय का, की तू तिचीच?"

"नाही."

"मग! तुझं यंत्र ओळखतं का माझ्या रिफेतला? एकदा तरी जेवू घातलंय त्याने त्याला?"

"यंत्र कुणालाच ओळखत नाही, मावशी," इन्दिरा शांतपणे म्हणाली. "म्हणून तर त्याला कुणी सापडावं असं वाटत नाही."

हाय्रा पुढे सरकली. "इस्मेत आलाय स्वीडनहून. छावणीत पोरांच्याच खोलीत होता तो. जेमालला ताप भरला, खाली नुसतं सिमेंट. तुझ्या रिफेतने अंगातला स्वेटर काढून त्याला घातला. आठवड्याने जेमालचं नाव पुकारलं, तो गेला तेव्हा अंगात तोच स्वेटर होता. राखाडी. तुझ्या हातचा."

"इस्मेत! ज्याला स्वतःच्या लग्नाचा दिवस आठवत नाही, त्याला स्वेटर आठवतो?"

"लग्नात तो प्यालेला होता. छावणीत नव्हता."

इन्दिराला हसू आलं, तिने ते कॉफीत लपवलं. रसेमाला नाही आलं.

"उठा," ती म्हणाली. "दोघीही उठा. माझा मुलगा माझ्या टाक्यांतून मी ओळखलाय. मी!"

त्या उठल्या. इन्दिरा जाताना कागद टेबलावर तसाच ठेवून गेली.

रसेमाच्या त्या 'मी'त काय होतं ते गावाबाहेरच्याला कळायचं नाही. आमच्या खोऱ्यात बायका विणतातच, पण रसेमा विणायची ते वेगळं. नवरा लोखंडाच्या खाणीत होता, चाळिशीतच छाती भरून गेला. मागे ही, एक मुलगी आणि रिफेत. मग तिच्या सुया थांबल्याच नाहीत. निम्म्या गावाच्या अंगावर तिच्या हातचं विणकाम होतं. कॉलर आतून दुमडायची आणि दुमडीला एक छटा गडद लोकर लावायची, मळलेली दिसू नये म्हणून. बाहीच्या काठाला दोन सुलट, एक उलट, आणि प्रत्येक चौथ्या ओळीला पीळ. दुसरी कुणी तसं करू गेली की काठ आखडायचा. रस्त्यातून जाणाऱ्या माणसाची पाठ बघून ती सांगायची, "हा माझा नाही, सासूने विणलाय. एक खांदा वर गेलाय बघ." आणि सासू खरोखर डावरी असायची.

ब्याण्णवच्या जुलैत सैनिक आले आणि पुरुषांना रस्त्यावर उभं केलं. रसेमाने बावीस वर्षांच्या मुलाला राखाडी स्वेटर घालायला लावला. भर उन्हाळ्यात! तो म्हणाला, "आई, लोक हसतील." ती म्हणाली, "हसू देत." कुणी हसलं नाही. रिफेत वीजखात्यात खांबांवर चढायचा. शेजारचा जेमाल एकवीसचा, जोडे शिवणाऱ्याकडे काम शिकायचा. दोघे छावणीकडे जाणाऱ्या एकाच बसमध्ये चढले. बायकांना दुसऱ्या बसांतून सीमेपलीकडे नेलं. रसेमा सात वर्षं जर्मनीत शाळेच्या फरशा पुसत राहिली आणि परत आली तेव्हा घराला छप्पर नव्हतं.

पुढच्या वर्षी जिल्ह्याच्या गावी खेळाच्या हॉलमध्ये कपडे मांडले. मारून पुरलेल्यांच्या अंगावरचे, खड्ड्यांतून काढलेले, धुतलेले, जमिनीवर रांगेने, प्रत्येकापाशी आकडा. रक्ताची तपासणी तेव्हा आमच्यापर्यंत पोचली नव्हती. कपडा ओळखला की त्या आकड्याची हाडं तुमची. डॉक्टरच्या कागदावर लिहिलेलं असायचं, वय वीस ते पंचवीस, उंची मध्यम. आमची निम्मी पोरं वीस ते पंचवीस होती आणि मध्यम उंचीची होती.

कुणी सांगितलं नव्हतं, तरी बायकांनी दारातच बूट काढले. मोजे घालून त्या रांगांमधून चालत होत्या, घरात चालाव्या तशा. वर बास्केटबॉलची रिकामी जाळी. दुसऱ्या रांगेत रसेमा थांबली. गुडघ्यावर बसली. कॉलर उलटली. बाहीचा काठ अंगठ्याने चाचपला. मान वर करून एकदा रांगांपलीकडे पाहिलं. मग तिने मान हलवली, आणि लिहिणाऱ्या माणसाने आकडा लिहिला.

तिथून ते सुरू झालं. कुणीतरी हाक मारली, "रसेमा, इकडे ये गं, हा तुझाच ना? माझ्या भावाला विणलेला?" मग आणखी कुणी. ती गेली, वाकली, मान हलवली. त्या दिवशी आठ जणींसाठी ती वाकली. तिची स्वतःची धरून आमच्या कबरस्तानात नऊ पांढरे दगड उभे राहिले ते रसेमाच्या मानेवर. इमामाने प्रार्थना म्हटली ती तिच्या शब्दावर. गावात तिच्याबद्दल बोलताना आवाज खाली यायचा. सरकारला माहीत नव्हतं, डॉक्टरला माहीत नव्हतं, तिला माहीत होतं. हाय्राला मात्र त्या हॉलमध्ये काही सापडलं नाही. ती एका निळ्या बुटापाशी तासभर बसून घरी आली.

त्याला आता चार वर्षं झाली होती. आणि टेबलावर कागद होता.

गावात बातमी दुपारपर्यंत पसरली. संध्याकाळी दुकानात हाय्रा पावाच्या रांगेत उभी राहिली तर पुढची बाई मागे वळली नाही. कुणी शिवी दिली नाही. आमच्याकडे शिवी दिली तर बरं असतं, मग निदान बोलणं तरी चालू राहतं. "मेलेल्यांना झोपू द्यावं," असं पुरुष कॉफीच्या टपरीवर एकमेकांना सांगत होते, हाय्राला ऐकू जाईल इतपत मोठ्याने. त्यांतल्या दोघांच्या भावांच्या कबरी त्या नवांत होत्या.

तिसऱ्या दिवशी झेय्ना आली. झेय्ना हाय्राची धाकटी बहीण, पण आली रसेमाकडे, हातात पितेचं तबक. पिता म्हणजे आमच्याकडची भाजी भरून भाजलेली पोळी; ही पालकाची, अजून गरम.

"खा आधी," ती म्हणाली.

"काय काम काढलंस ते बोल."

"काम कसलं? शेजारधर्म."

"झेय्ना, तू पिता कधी सुखासुखी आणत नाहीस. मागच्या वेळी आणलीस तेव्हा तुला माझी शिडी हवी होती."

झेय्ना खुर्चीत बसली. थोडा वेळ तबकावरचं फडकं सारखं करत राहिली. "माझी बहीण वेडी झालीय, रसेमा. तू तिचं ऐकू नकोस."

"वेडी कशी? तिला तिचा मुलगा हवाय."

"हवाय, मान्य. पण तू रक्त दिलंस आणि काही भलतंच निघालं, तर ते लोक तुझ्यावर थांबतील का? उद्या माझ्या दारात येतील. 'झेय्नाबाई, रसेमाने तुमचाही ओळखला होता ना? द्या चार थेंब.'" ती इन्दिराच्या शहरी आवाजाची हुबेहूब नक्कल करून बोलली, आणि मग तिचा स्वतःचाच आवाज मोडला. "मी माझ्या लेकाच्या, अदिलच्या कबरीला हिरवं कुंपण घातलंय. गुलाब लावलाय, तीन वर्षांनी यंदा धरला. रोज सकाळी जाते, त्याच्याशी बोलते. बहिणीच्या घरचं सांगते, तुझं सांगते, दुकानात काय महागलं ते सांगते. मला उद्या कळलं की मी चार वर्षं कुणा परक्या पोराला हे सगळं सांगत होते, तर मी काय करू? सांग ना. परत मागू सगळं?"

रसेमाने पितेचा तुकडा मोडला आणि हातातच धरून ठेवला.

"तुला खात्री आहे ना, झेय्ना? की तो अदिलच?"

"मला कशाला लागते खात्री?" झेय्ना डोळे पुसत हसली. "तुला आहे ना. तुझा शब्द मला पुरे आहे."

ती गेल्यावर रसेमाने तो तुकडा तबकात परत ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या बसमध्ये ती चढली. ड्रायव्हर ओळखीचा. "कुठे, मावशी?" "दात दुखतोय," ती म्हणाली.

केंद्रात इन्दिराने तिचं बोट धरलं आणि सुई टोचली. रक्त येईना. पुन्हा टोचली. पन्नास वर्षं सुया ढकलून तिच्या बोटाची टोकं चामड्यासारखी झाली होती.

"दुसरं बोट द्या, मावशी."

"सगळी अशीच आहेत. जोर लाव. मी ओरडत नाही."

शेवटी अंगठ्यातून निघालं. कागदावर चार गोल डाग पडले. रसेमा त्यांच्याकडे बघत राहिली, कुणी दुसऱ्याने विणलेलं काहीतरी तपासावं तशी.

"कधी कळेल?"

"चार-पाच महिने."

"आणि मी आले होते हे गावात सांगायचं नाही."

"मी कुणाला सांगणार? पण मावशी, निकाल आला की सगळ्यांना कळेलच."

"तेव्हा कळेल. आत्ता नको."

त्या हिवाळ्यात तिने विणलं नाही. बायका म्हणाल्या, डोळे गेले असतील. हाय्रा कुंपणापलीकडे कपडे वाळत घालायची आणि इकडे बघायची नाही. दोघींच्या मध्ये बर्फ होता आणि त्यावर मांजराच्या पावलांखेरीज कुणाचीच पावलं नव्हती.

मार्चमध्ये इन्दिरा आली. या वेळी साखरेचा खडा तिने तोंडात टाकला नाही. कागद वाचला. शवागारातला तो तरुण, ज्याला कुणी नव्हतं, तो रसेमाचा मुलगा. दुसऱ्याच खड्ड्यातून निघालेला, अंगावर नुसता बनियन. शंभरात नव्याण्णव पूर्णांक नव्याण्णव.

रसेमाने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "उरलेलं कुठे गेलं?"

"काय उरलेलं?"

"शंभराला कमी पडतं ते."

"तेवढं आम्ही नेहमी सोडतो, मावशी. शंभर आम्ही कधीच म्हणत नाही."

"एवढी यंत्रं असून?"

"एवढी यंत्रं असून."

रसेमाने हात मांडीवर उताणे ठेवले. "मी शंभर म्हटलं होतं," ती म्हणाली.

पुढचं सगळं कायद्याने झालं. कोर्टाचा हुकूम, दोन पोलीस, एक डॉक्टर, फावडी. रिफेतच्या नावाची कबर उघडली, हाडाचा तुकडा नेला आणि तो हाय्राच्या रक्ताशी जुळला. जुलैच्या सामुदायिक दफनात हिरव्या कापडाखाली दोन लांबट पेट्या एकामागून एक गेल्या. जेमालला पुन्हा त्याच जागेवर ठेवलं, दगडावरचं नाव तेवढं बदललं. रिफेतला दोन पावलं पलीकडे नवी जागा मिळाली. झेय्ना आली होती, पण आपल्या हिरव्या कुंपणाच्या आतच उभी राहिली, दोन्ही हातांनी ते धरून.

आणि गावाने रसेमाला माफ केलं. हेच तिला नको होतं. रस्त्यात बायका तिचा हात धरायच्या: "टाका तुझाच होता की गं! त्यात तुझी काय चूक? पोराने दुसऱ्याला दिला, तुला काय स्वप्न पडणार?" टपरीवर पुरुष म्हणायचे, हात चुकला नव्हता, नशीब चुकलं. तिचा शब्द खोटा ठरूनही कसा शाबूत राहिला, बघा. कारण तो शाबूत राहायलाच हवा होता. त्यावर अजून आठ दगड उभे होते.

दफनाच्या चौथ्या दिवशी हाय्रा आली. दारात बूट काढले, हातात हलव्याची बशी. मुलाच्या नावाने केलेला, चांगला लाल भाजलेला.

"घे, कोना," ती म्हणाली. "वर्ष होत आलं आपण नीट बोललो नाही."

"बस."

"मी बोलले तुला त्या दिवशी. खूप बोलले. रांगेत उभी राहून लोकांची पाठ बघायची वेळ आली ना, तेव्हा रात्रंदिवस तुला शिव्या घालत होते मनात. आता नाही. चूक कुणाचीही झाली असती. तुझा टाका बघून मीसुद्धा हो म्हटलं असतं."

रसेमाने बशी घेतली नाही. हाय्राने ती टेबलावर ठेवली.

"चूक नव्हती," रसेमा म्हणाली.

"आता कशाला..."

"ऐक आधी. उजव्या बाहीला कोपरापाशी फाटलेलं होतं. ते शिवलेलं होतं. गोणपाटाच्या सुतळीने. दोन्ही बाजूंनी एकाच भोकातून दोन धागे काढून, मध्ये आवळून. असं कोण शिवतं, माहितीये?"

रसेमाने टेबलावर बोटाने तो टाका काढून दाखवला.

"जोडे शिवणारे शिवतात. माझा रिफेत बटण लावता लावता तीनदा बोटाला टोचून घ्यायचा. मी गुडघ्यावर बसले, तो टाका अंगठ्याखाली आला, आणि मला जेमाल दिसला. तुमच्या ओसरीवर बसून वहाण मांडीत धरलेला. तो दिसला मला, हाय्रा. इतका स्पष्ट."

"मी तिथेच होते," हाय्रा म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "दोन रांगा पलीकडे."

"हो. तू निळ्या बुटापाशी होतीस. मी तुझ्याकडे बघितलं."

"बघितलंस."

"मग मी स्वतःला सांगितलं, जेमालने त्याला शिवून दिला असेल. मित्र होते. दिला असेल की शिवून! असं होऊ शकतं की नाही? होऊ शकतं. एवढं होऊ शकतं म्हटल्यावर मी पुढचं विचारलंच नाही. पुढे अजून पाच रांगा होत्या. हा सोडून पुढे गेले आणि पुढेही नसला तर? रिकाम्या हाताने परत जायचं? सात वर्षं मी..." ती थांबली. "मान हलवली. आणि एकदा हलवल्यावर मला ते खरंच वाटायला लागलं. शपथेवर सांगते, कबरीपाशी बसले की तो माझाच असायचा. त्या टाक्याची आठवणसुद्धा यायची नाही. तू कॉफीला आलीस की यायची."

"चार वर्षं," हाय्रा म्हणाली. "चार वर्षं तू मला कॉफीला बोलवत होतीस."

"हो."

"माझा कप भरताना."

"हो."

हाय्राचे दोन्ही हात टेबलावर होते. ती उठेल असं वाटलं, पण उठली नाही. रसेमाने तिच्याकडे पाहिलं आणि पुढचं बोलली. ते बोलायलाच ती एवढा वेळ थांबली होती.

"बाकीच्या आठांचं सांगते. पाच माझेच टाके होते, ते मी कुठेही सांगेन. दोन ठिकाणी मला नक्की नव्हतं. बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या, मी हो म्हटलं. आणि शेवटची झेय्ना. तुझी बहीण. तोवर माझे गुडघे दुखत होते. मी वाकलेसुद्धा नाही, हाय्रा. उभ्या उभ्या मान हलवली."

बाहेर कुणाची तरी गाडी गेली. खिडकीची काच हलली आणि थांबली.

"तू म्हणाली होतीस, खरं ते माणसाला कळायलाच हवं. इथे, याच खुर्चीत बसून, ओरडून म्हणालीस. मग तूच सांग. झेय्नाला सांगू? तू हो म्हण, मी आत्ता जाते, या हातांनी तिचं कुंपण उघडते. तू नको म्हण, मी मरेपर्यंत बोलत नाही. मला माझ्या डोक्याने काही ठरवता येत नाही आता. सांग, कोना. सांगू तिला?"

हाय्रा उठली. दारापाशी जाऊन तिने बूट पायांत सरकवले. डावा नीट बसला नाही, तरी तशीच टाच दाबून ती पायऱ्या उतरली.